फिजिशियन होण्याचा निर्णय कशाच्या आधारावर घ्यावा?

उंबरठा (प्रश्न)

मी शालेय शिक्षणाच्या शेवटच्या टप्प्यावर असून वैद्यकीय अभ्यासक्रमाला जायचे की नाही, हे मला येत्या काही महिन्यांत ठरवावे लागणार आहे. जीवशास्त्र आवडते, रसायनशास्त्र त्याहून थोडे अधिक आवडते आणि प्रवेशापुरते गुण मिळतील, असे शिक्षकांचे मत आहे. त्यामुळे प्रवेश मिळेल का, हा माझा प्रश्न नाही. तो मिळालाच तर पुढे जे आयुष्य वाट्याला येईल ते मला मानवेल का, हा आहे.

आतापर्यंत ज्यांना ज्यांना विचारले त्यांच्याकडून दोनच तऱ्हेची उत्तरे मिळाली. काहींनी सेवा, पुण्य आणि प्रतिष्ठा यांविषयी सांगितले, तर काहींनी तारुण्याची सगळी वर्षे अभ्यासात जातील, झोप मिळणार नाही आणि रुग्णांच्या नातेवाईकांचा रोष पत्करावा लागेल, अशी भीती घातली. दोन्हींत तथ्य असेलच. मात्र डॉक्टर सकाळी कामावर गेल्यापासून संध्याकाळपर्यंत नेमके काय करतो, त्यातला किती वेळ विचार करण्यात, किती बोलण्यात आणि किती कागद भरण्यात जातो, हे मला अजून कोणी सांगितलेले नाही. शस्त्रक्रियेकडे माझा ओढा नाही. आजाराचे निदान करणे आणि औषधोपचार ठरवणे, म्हणजे फिजिशियनचे काम, मला आकर्षक वाटते, पण हे आकर्षण दुरून वाटणारे आहे याचीही जाणीव आहे.

दोन शंका विशेष सतावतात. माझे पाठांतर बेताचेच आहे. जे समजते ते टिकते, जे समजत नाही ते परीक्षा संपताच पुसले जाते. शिवाय निदान सुचवणाऱ्या संगणकप्रणाली झपाट्याने सुधारत आहेत, तेव्हा माझे प्रशिक्षण पूर्ण होईपर्यंत फिजिशियनसाठी कोणते काम शिल्लक राहील, हेही कळत नाही. या क्षेत्रात असलेल्या किंवा ते सोडून गेलेल्या सदस्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

प्रतिसाद: जुनी ओपीडी

जनरल मेडिसिनमध्ये, म्हणजे फिजिशियनच्याच शाखेत, बरीच वर्षे काम करतो आहे, म्हणून तुम्ही कामाच्या स्वरूपाविषयी जे विचारले आहे त्यापासूनच सुरुवात करतो.

फिजिशियनचा दिवस प्रामुख्याने विचारण्यात आणि ऐकण्यात जातो. रक्ततपासण्या, ईसीजी, स्कॅन हे सारे त्यामागून येते आणि त्यांतले काय मागवायचे हेसुद्धा हकीकतीवरूनच ठरते. १९७५ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये एक छोटासा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. ओपीडीत नव्याने आलेल्या ८० रुग्णांपैकी ६६ जणांच्या बाबतीत केवळ हकीकत ऐकून बांधलेले निदान अखेरीस बरोबर ठरले. अंगतपासणीचा निर्णायक उपयोग ७ जणांत झाला आणि प्रयोगशाळेचा आणखी ७ जणांत. त्यानंतर तपासणीची साधने कितीतरी पुढे गेली आहेत, त्यामुळे हेच प्रमाण आज जसेच्या तसे लागू पडेल असा माझा दावा नाही, परंतु कामाचा कल अजूनही तोच आहे.

‘चालताना दम लागतो’ अशी तक्रार घेऊन एखादी व्यक्ती समोर बसते, असे समजा. हृदय, फुप्फुसे, घटलेले हिमोग्लोबिन, थायरॉइड, वाढलेले वजन, मनावरचा ताण, यांपैकी कशानेही दम लागू शकतो. अशा वेळी ‘रात्री झोपताना उशा किती लागतात?’ हा साधा प्रश्न बरेच काही उलगडून देतो. आडवे होताच धाप लागते म्हणून एका उशीच्या तीन झाल्या असतील, किंवा गाढ झोपेतून गुदमरून उठून बसावे लागत असेल, तर संशय हृदयाच्या कमकुवतपणाकडे वळतो. मग रुग्णाला साधारण ४५ अंशांत टेकवून मानेतली शीर कुठपर्यंत भरलेली दिसते ते पाहायचे, नडगीवर अंगठा काही सेकंद दाबून धरायचा आणि तो उचलल्यावर खळगा राहतो का ते पाहायचे. एवढे झाल्यानंतर तपासण्यांचा कागद लिहिताना आपण अंदाजपंचे काही मागवत नसतो.

दुसरे उदाहरण याहून कमी नाट्यमय आहे, पण माझ्या मते या पेशाचा स्वभाव त्यातच अधिक दिसतो. मधुमेहाच्या एखाद्या रुग्णाची साखर कधी चढते, कधी अचानक उतरते. इन्सुलिनचा डोस वाढत वाढत बराच वर गेलेला असतो आणि केसपेपरवर प्रत्येक भेटीत ‘पथ्य पाळत नाही’ असा शेरा पडलेला असतो. त्याला ‘इंजेक्शन कुठे घेता ते दाखवा’ असे सांगून पोटावरून बोटे फिरवली, की बेंबीच्या शेजारी कातडीखाली रबरासारखा जाडसर उंचवटा हाताला लागतो. रोज त्याच जागी सुई टोचत राहिल्याने तिथली चरबी वाढलेली असते. तिथे टोचले तर दुखत नाही, म्हणून रुग्णाला ती जागा सोयीची वाटते आणि तिथून इन्सुलिन कधी लवकर तर कधी उशिरा शोषले जाते. उपाय म्हणजे जागा बदलणे. मात्र नव्या जागेतून औषध नीट शोषले जाणार असल्यामुळे डोस आधी कमी करावा लागतो, नाही तर साखर धोकादायक पातळीपर्यंत घसरते. यात कुठलेही यंत्र लागले नाही आणि कोणाचा जीव नाट्यमय रीतीने वाचला असेही नाही. तरीही अशी गाठ बोटांना लागली की मला अजूनही मनापासून आनंद होतो. हा आनंद तुम्हाला होण्यासारखा आहे का, हाच माझ्या दृष्टीने निवडीचा खरा निकष आहे. पदवीची प्रतिष्ठा फार तर पहिली काही वर्षे पुरते. त्यापुढे रोजच्या कामाची गोडीच माणसाला टिकवून धरते.

पाठांतराबद्दल सांगायचे तर पहिल्या एक-दोन वर्षांत ते करावेच लागते. शरीररचनाशास्त्रातल्या नसा आणि स्नायू यांना दुसरा इलाज नाही. पण समजलेले टिकते, असे तुम्ही स्वतःबद्दल लिहिले आहे, आणि मेडिसिनमध्ये नेमके तेच उपयोगी पडते. केवळ पाठ केलेल्या ज्ञानाचे आयुष्यही फार नसते. बीटा-ब्लॉकर गटातल्या औषधांनी हृदयाचा जोर कमी होतो, म्हणून हृदय कमकुवत झालेल्या रुग्णाला ती देऊ नयेत, असे एका पिढीला शिकवले गेले होते. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांत त्याच औषधांनी अशा रुग्णांमधले मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी झाल्याचे दिसले, आणि आज ती न देण्यासाठीच कारण द्यावे लागते. उलट बाजूचेही उदाहरण आहे. हृदयविकाराच्या झटक्यानंतर ठोक्यांतली अनियमितता दाबली की रुग्ण वाचतील, असा तर्क सर्वांना पटत होता. १९८९ साली अमेरिकेतील एका चाचणीत एन्कायनाइड आणि फ्लेकायनाइड या औषधांनी ठोके सुधारले, मात्र औषध न घेणाऱ्यांपेक्षा औषध घेणाऱ्यांत मृत्यू अधिक झाले. अत्यंत पटणारा तर्कही चुकू शकतो आणि त्या बेताने आपले मत बदलावे लागते, हे ज्याला सोसवत नाही त्याने या शाखेत येऊ नये, असे मी स्पष्टच म्हणेन.

कागदकामाचे मात्र तुम्हाला कोणी सांगितले नाही, हे खरोखर गैर आहे. अमेरिकेतील बाह्यरुग्ण विभागांत डॉक्टरांच्या वेळेची प्रत्यक्ष नोंद घेऊन २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत कामाच्या तासांपैकी २७ टक्के वेळ रुग्णासमोर आणि ४९ टक्के वेळ संगणकातील नोंदी व टेबलावरच्या कामात गेल्याचे आढळले. देशागणिक हा आकडा बदलेल, तक्रार बदलणार नाही.

प्रतिसाद: रात्रपाळी

मी सध्या मेडिसिनमध्ये निवासी डॉक्टर आहे. जुनी ओपीडी यांनी सांगितलेला निकष मला मान्य आहे, परंतु त्यांनी केलेले वर्णन प्रशिक्षण संपल्यानंतरचे आहे आणि तिथपर्यंत पोहोचण्याचा रस्ता बराच वेगळा आहे, ही गोष्ट उंबरठा यांना आत्ताच कळायला हवी.

आधी कालावधी पाहू. अमेरिकेत चार वर्षांची पदवी, त्यानंतर चार वर्षांचे वैद्यकीय महाविद्यालय आणि मग मेडिसिनची तीन वर्षांची रेसिडेन्सी, असा क्रम आहे. हृदयरोगतज्ज्ञ व्हायचे असेल तर आणखी साधारण तीन वर्षे. ब्रिटनमध्ये शाळेनंतर थेट पाच-सहा वर्षांचा अभ्यासक्रम, दोन वर्षांचे पायाभूत प्रशिक्षण आणि मग मेडिसिनचे टप्पे असतात. भारतात इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षे एमबीबीएस आणि पुढे तीन वर्षे एमडी. टप्प्यांची नावे बदलतात, पण शाळा सुटल्यापासून स्वतःच्या जबाबदारीवर फिजिशियन म्हणून बसेपर्यंत निदान साडेआठ-नऊ वर्षे कुठेही जातातच, आणि मध्ये एखादी परीक्षा राहिली किंवा हवी ती जागा मिळाली नाही तर तो हिशेब आणखी लांबतो. या काळात तुमच्या बरोबरीची मुले नोकरी, घर, लग्न या वाटेने पुढे निघून गेलेली असतात. हे ऐकायला क्षुल्लक वाटते, पण अनुभवताना तसे वाटत नाही.

तासांविषयी नियम आहेत आणि ते सहजासहजी झालेले नाहीत. न्यूयॉर्कमध्ये १९८४ साली एका अठरा वर्षांच्या मुलीचा रुग्णालयात मृत्यू झाला आणि तिच्यावर उपचार करणारे निवासी डॉक्टर किती तास सलग काम करत होते, याची जाहीर चर्चा झाली. त्यातून त्या राज्याने १९८९ साली आठवड्याला ८० तासांची मर्यादा घातली. ती संपूर्ण अमेरिकेत लागू व्हायला २००३ साल उजाडले. युरोपीय संघाच्या नियमानुसार सरासरी मर्यादा ४८ तासांची आहे. कागदावरची मर्यादा आणि वॉर्डातले घड्याळ यांचे सगळीकडे पटतेच असे नाही, एवढेच सांगून हा विषय सोडते, कारण त्यावर लिहायला लागले तर प्रतिसाद संपणार नाही.

या वर्षांत हकीकत निवांत ऐकायला मिळत नाही, ही माझी खरी तक्रार आहे. रात्री तीन वाजता प्रयोगशाळेतून फोन येतो, की अमुक बेडवरच्या रुग्णाचे पोटॅशियम ६.८ आहे, म्हणजे धोकादायक इतके वाढलेले. सॅम्पल घेताना रक्तपेशी फुटल्या असतील तर हा आकडा खोटाही असू शकतो, पण ते ठरवत बसायला वेळ नसतो. आधी ईसीजी काढायचा आणि त्यातल्या टी लहरी उंच व टोकदार दिसल्या की शिरेतून कॅल्शियम द्यायचे. कॅल्शियमने पोटॅशियम कमी होत नाही, फक्त हृदयाला काही काळ आवर बसतो. तेवढ्या वेळात ग्लुकोज आणि इन्सुलिन देऊन पोटॅशियम पेशींच्या आत ढकलायचे, आणि तरीही ते शरीरातच राहणार असल्याने मूत्रपिंडे काम करत नसतील तर डायलिसिसची व्यवस्था करायची. हे सगळे चालू असताना दुसऱ्या वॉर्डातून बोलावणे येते आणि दाराशी नातेवाईक ‘काय झाले ते सांगा’ म्हणून उभे असतात. त्या क्षणी त्यांच्याशी दोन वाक्ये धड बोलणे हे कॅल्शियम देण्याइतकेच कामाचा भाग आहे, आणि ते कोणत्याही वर्गात शिकवले जात नाही. मला हे काम आवडते. आवडूनही थकवा यायचा तो येतोच.

त्या थकव्याला नाव देण्यात आता कमीपणा मानला जात नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली कामाच्या दीर्घ ताणातून येणाऱ्या बर्नआउटची व्याख्या रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात दिली; तो आजार नसून कामाशी निगडित अवस्था आहे, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. डॉक्टरांच्या जिनिव्हा प्रतिज्ञेतही स्वतःच्या आरोग्याकडे लक्ष देण्याचे कलम आले आहे. ती प्रतिज्ञा १९४८ सालची आणि हे कलम २०१७ सालचे, यावरून काय समजायचे ते समजावे.

म्हणून माझा सल्ला असा, की कामाची गोडी हा निकष धरा, पण त्याच्या जोडीला स्वतःला हेही विचारा, की गोडीचा तो भाग काही वर्षे पुढे ढकलला गेला तर तोवर आपल्याला धीर कोण देईल. घरचे असोत वा मित्र असोत, असे कोणी तरी हवेच. एकट्याने हे निभावण्याचा हट्ट करणारे माझ्याबरोबरचे काही जण फार लवकर कडवट झाले.

प्रतिसाद: दुसरी वाट

मी मेडिसिन निम्म्यावर सोडून पॅथॉलॉजीकडे, म्हणजे पेशी आणि ऊती तपासून रोग ओळखण्याच्या शाखेकडे, वळलो. ते सोडल्याचा पश्चात्ताप नाही आणि वैद्यकीय पदवी घेतल्याचाही नाही, म्हणून थोडे वेगळे लिहितो.

वरील दोन्ही प्रतिसाद वाचून असा समज होऊ शकतो, की आताच आयुष्यभराचा करार करायचा आहे. तसे नाही. वैद्यकीय पदवीतून पुढे अनेक रस्ते फुटतात. रुग्णाशी सतत बोलणे ज्याला झेपत नाही, पण रोग कसा घडतो याचे कुतूहल आहे, त्याच्यासाठी पॅथॉलॉजी, मायक्रोबायोलॉजी (सूक्ष्मजीवशास्त्र), फार्माकॉलॉजी (औषधशास्त्र) आहे; ज्याला एका माणसापेक्षा वस्तीचा विचार करायला आवडतो त्याच्यासाठी सार्वजनिक आरोग्य आहे. मला स्वतःला वॉर्डातली अनिश्चितता सहन होत नसे. रुग्ण घरी गेला की त्याचे पुढे काय झाले असेल, हा विचार पाठ सोडत नसे. काचपट्टीवरचा पेशीसमूह मात्र उद्या पुन्हा पाहता येतो, दुसऱ्याला दाखवता येतो, वाद घालता येतो. हा स्वभावाचा भाग आहे, आणि तो मला विद्यार्थिदशेत शेवटच्या वर्षाच्या आधी कळणे शक्य नव्हते. जुनी ओपीडी यांचा निकष योग्य असला तरी शाळेतल्या मुलीने तो स्वतःला कसा लावायचा, हे त्यांनी सांगितलेले नाही, हा माझा आक्षेप आहे.

आता यंत्रांबद्दल. २०१६ साली कृत्रिम बुद्धिमत्तेचे संशोधक जेफ्री हिंटन यांनी रेडिओलॉजिस्ट (एक्स-रे, स्कॅन वाचणारे डॉक्टर) घडवणे आता थांबवावे, असे जाहीरपणे सांगितले होते. पाच वर्षांत, फार तर दहा वर्षांत यंत्रे त्यांच्याहून सरस ठरतील, असा त्यांचा अंदाज होता. प्रणाली सुधारल्या हे खरे, पण रेडिओलॉजिस्टची गरज अजून संपलेली नाही. याहून जुने उदाहरण ईसीजीचे आहे. कित्येक दशकांपासून ईसीजीचे यंत्र कागदाच्या माथ्यावर स्वतःचे वाचन छापून देते. हात थरथरणाऱ्या रुग्णाच्या बाबतीत ती थरथर हृदयाची अनियमित लय म्हणून छापली जाऊ शकते, आणि रुग्णाकडे एकदा नजर टाकणाऱ्याला ते लगेच कळते. म्हणून छापील ओळ वाचूनही डॉक्टर खालच्या रेघा स्वतः पाहतो. माझा अंदाज असा आहे, की यादी करणे, नोंदी लिहिणे, दुर्मीळ शक्यता सुचवणे ही कामे यंत्रे उत्तम करतील आणि करू द्यावीत. मात्र वृद्ध रुग्णाच्या पाच आजारांपैकी आज कोणत्या आजाराकडे लक्ष द्यायचे आणि कोणत्याकडे जाणूनबुजून काणाडोळा करायचा, हे त्याच्याशी बोलून ठरवावे लागते, आणि त्या निर्णयाची जबाबदारी कोणाच्या तरी सहीने घ्यावी लागते. ती सही यंत्राची असेल असे मला इतक्यात वाटत नाही.

उंबरठा

तिघांचेही मनःपूर्वक आभार. इन्सुलिनच्या गाठीचे उदाहरण मी दोनदा वाचले आणि ती गोष्ट मला मनापासून आवडली, हे नोंदवते. पण वाचून आवडणे आणि तीच गोष्ट वर्षानुवर्षे करत राहणे यांत अंतर आहे, हा दुसरी वाट यांचा आक्षेप मलाही लागू पडतो. रात्रपाळी यांनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे आहे, घरच्यांचा आधार आहे.

आता एकच गोष्ट विचारायची राहिली आहे. प्रवेश घेण्याआधी, म्हणजे येत्या काही महिन्यांत, स्वतःचा स्वभाव या कामाला अनुकूल आहे की नाही याचा निदान काही अंदाज कसा घ्यावा? आणि जो रुग्ण बराच होणार नाही, त्याच्यासमोर फिजिशियनने काय करायचे असते?

प्रतिसाद: दीर्घ पाहुणा

मी डॉक्टर नाही. ऱ्हुमॅटॉइड प्रकारच्या संधिवाताचा रुग्ण आहे, हा आजार पूर्णपणे जात नाही, आणि त्यामुळे तुमच्या दुसऱ्या प्रश्नावर बोलण्याचा मला थोडाफार अधिकार आहे असे समजतो.

माझा आजार बरा करावा, अशी माझी फिजिशियनकडून अपेक्षाच नाही. सकाळी बोटे किती वेळ आखडलेली राहतात हे त्यांनी दर वेळी विचारावे, शर्टाची बटणे लावता येतात का हे विचारावे, गोळ्यांमुळे यकृतावर परिणाम होत नाही ना हे ठरल्या वेळी तपासावे आणि औषध बदलायचे असेल तर का बदलतो आहोत ते सांगावे, एवढे मला पुरते. सूज अर्ध्यावर आणणे हे वैद्यकाच्या दृष्टीने अपुरे यश असेल, पण मला लिहिता येते की नाही, हे त्या अर्ध्यावर अवलंबून असते.

ऐकून घेण्याबद्दल मात्र एक गोष्ट सांगायची आहे. १९८४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रुग्णाने बोलायला सुरुवात केल्यानंतर डॉक्टरांनी सरासरी १८ सेकंदांत त्याला अडवले, असे आढळले होते. मी बऱ्याच दवाखान्यांत बसलो आहे आणि मला हा आकडा अविश्वसनीय वाटत नाही. तुम्ही समोरच्याचे वाक्य पूर्ण होऊ देता का, हे तुम्हाला आजही तपासता येईल. त्यासाठी प्रवेश मिळण्याची वाट पाहायला नको.

प्रतिसाद: जुनी ओपीडी

दुसरी वाट यांचा आक्षेप मान्य आहे, तेव्हा तो दूर करण्याचा प्रयत्न करतो.

शक्य असेल तर एखाद्या फिजिशियनच्या ओपीडीत काही दिवस कोपऱ्यात बसण्याची परवानगी मागा. आयसीयू किंवा ऑपरेशन थिएटर पाहण्याचा आग्रह धरू नका. तिथले दृश्य कोणालाही भारावून टाकते आणि त्यावरून आपल्या स्वभावाविषयी काहीच कळत नाही. ओपीडीत, तीही सकाळच्या उत्साहाची नव्हे तर दुपारची, जेव्हा रक्तदाबाच्या गोळ्या लिहून घेणारा कितवा तरी रुग्ण आत येतो, त्या वेळी तुम्हाला घड्याळाकडे पाहावेसे वाटते की हा माणूस मागच्या महिन्यापासून गोळ्या का चुकवतो आहे याचे कुतूहल वाटते, ते पाहा. गोळ्या चुकवण्यामागे बहुधा कारण असते. लघवीची गोळी घेतली की प्रवासात पंचाईत होते, म्हणून कोणी ती कामावर जाण्याच्या दिवशी टाळतो. कोणाला कोरडा खोकला सुटलेला असतो आणि तो एसीई इन्हिबिटर गटातल्या गोळीचा परिणाम आहे हे त्याला कोणी सांगितलेले नसते. ही कारणे तुम्हाला रंजक वाटली तर काम जमेल. कंटाळा आला तर तेही उत्तरच आहे, आणि ते स्वस्तात मिळालेले उत्तर आहे.

वृद्ध किंवा दीर्घकाळ आजारी असलेल्या व्यक्तींची नियमित देखभाल जिथे होते तिथे स्वयंसेवक म्हणून जाता आले तर अधिक चांगले. तिथे तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर रोज दिसते. वेदना, मळमळ, धाप आणि झोप न येणे या चार गोष्टींवर नीट काम करणे हे बरे न होणाऱ्या आजारातले खरेखुरे वैद्यकीय काम आहे, आणि त्यासाठीचे ज्ञान हृदयरोगाच्या ज्ञानाइतकेच काटेकोर असते. उदाहरणच द्यायचे तर दुखणे वाढल्यावर मॉर्फिन देण्याऐवजी ते घड्याळाप्रमाणे ठरावीक अंतराने द्यायचे आणि पहिल्या दिवसापासून त्याच्या सोबत बद्धकोष्ठावरचे औषध लिहायचे, हे विसरणाऱ्या डॉक्टरचा रुग्ण विनाकारण हाल सोसतो. ‘आता करण्यासारखे काही नाही’ हे वाक्य मी माझ्या विद्यार्थ्यांना उच्चारू देत नाही, कारण ते बहुतेक वेळा खोटे असते.

निरीक्षणासाठी जाणार असाल तर परवानगी लेखी घ्या. प्रत्येक रुग्णाला तुम्ही कोण आहात हे डॉक्टरांनी आधी सांगायला हवे, आणि त्याने नको म्हटले तर कारण न विचारता बाहेर जाऊन बसा. जे ऐकाल ते घरीही सांगू नका, आणि वहीत टिपणे ठेवायची असतील तर त्यांत नाव, वय किंवा ओळख पटेल असे काहीही लिहू नका.